शेवटचा तुझा

मी पॅड बोलतंय. परीक्षेला नेतात ते, टणक, वर लोखंडी चिमटा असलेलं पॅड. आजवर पेन बोललं, पुस्तक बोललं, फाटकी छत्री बोलली, तडकलेला फळासुद्धा बोलला, आणि तुम्ही सगळ्यांचं कौतुकाने ऐकून घेतलंत. ज्याच्या छातीवर कागद ठेवून हे सगळं लिहिलं गेलं, त्याला मात्र कोणी विचारलं नाही. असो, ते रडगाणं नको. मला बोलायचंय ते आमच्या घरात झालेल्या एका अन्यायाबद्दल. तो ज्या चिरंजीवांनी केला ते आत्ता समोरच बसले आहेत, म्हणून जरा स्पष्टच बोलणार आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लाकडाचा भुसा दाबून केलेले मोठाले तक्ते एका बाजूने आत यायचे आणि दुसऱ्या बाजूने आमच्यासारखी पॅडं बाहेर पडायची. चिमटे ठोकायला बायकांची एक रांग बसलेली असे. माझा चिमटा जिने ठोकला ती शेजारणीला आपल्या जावेबद्दल काहीतरी तावातावाने सांगत होती, त्यामुळे हातोडी जरा जोरातच बसली. माझी पकड पहिल्यापासून घट्ट आहे ती त्या जावेच्या कृपेने. थोडा तापटपणाही तिथूनच आला असावा.

स्टेशनरीच्या दुकानातून मला बाबांनी घेतलं. बाबा म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. त्यांनी माझ्या चिमट्यात एक कागद अडकवला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. दुकानदार म्हणाला, पोराच्या परीक्षेलाच हवंय ना, इतकं काय बघता. बाबा नुसते हसले. बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हे. दुकानातसुद्धा ते चिठ्ठी दोनदा वाचायचे, गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने सकाळ-संध्याकाळच्या खुणा करायचे, त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि मान हलवायचे. तेवढ्यावर गिऱ्हाइकाला सगळं कळायचं.

चिरंजीव तेव्हा लहान होते. त्यांनी माझे हाल केले. कंपासच्या टोकाने मला भोक पाडलं, पंखा म्हणून हलवलं, कागदाचा बोळा टोलवायला बॅट म्हणून वापरलं, आणि एकदा तर एका मित्राच्या पाठीत घातलं. ते मी कानामागे टाकलं. पोरं म्हटली की हे चालायचंच. शिवाय रविवारी मी बाबांचं असायचं, आणि त्या एका दिवसावर मी आठवडा काढायचं.

रविवारी पेपरात मोठं शब्दकोडं येतं. बाबा गोळ्यांच्या पट्ट्या कापायच्या कात्रीने ते नीट कापून घ्यायचे, मला अडकवायचे, चहाचा कप खिडकीत ठेवायचे आणि औषध कंपनीचं फुकट मिळालेलं बॉलपेन काढायचे. पेन्सिल नाही. खोडायची वेळ येणाऱ्यातले ते नव्हेतच. चहा निवायच्या आत अर्धं कोडं सुटलेलं असायचं.

एका रविवारी चिरंजीव उशिरा उठले आणि पाहतात तर कोडं संपलेलं. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. 'मलाही एक शब्द हवा होता' म्हणत हातपाय आपटून रडले. पुढच्या रविवारी बाबांनी सगळं कोडं सोडवलं आणि एक शब्द मोकळा ठेवला. पोरगं डोळे चोळत आलं तेव्हा मला त्याच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "शेवटचा तुझा."

तेव्हापासून तो आमच्या घरचा नियम झाला. तुम्हाला वाटेल, कुठलाही शब्द सोडला की झालं. तसं नव्हतं. त्या शब्दाला छेदून जाणारे बाकीचे शब्द बाबा आधी भरून टाकायचे, म्हणजे पोराला दोन-तीन अक्षरं आयती मिळायची. पोरगं मोठं होत गेलं तशी आयती अक्षरं कमी होत गेली. कधी कधी कोडं सोडवायला लागायचा त्याहून जास्त वेळ कुठला शब्द ठेवायचा हे ठरवण्यात जायचा. चिरंजीव पोहण्याच्या शर्यतीत शेवटचे आले, त्या आठवड्यात बाबांनी 'धीर' ठेवला. मित्राशी भांडण झालं तेव्हा 'समेट' ठेवला. तोंडाने जे बोलता येत नव्हतं ते हा माणूस मोकळ्या चौकोनांतून बोलत होता, आणि ते मला कळत होतं. पोराला कळत होतं की नाही ते सांगता येत नाही, पण तो शब्द भरून झाला की ते बाबांच्या तोंडाकडे बघायचं, आणि बाबा मान हलवायचे.

मग चिरंजीव शिकले, दुसऱ्या शहरात गेले, विमा कंपनीत लागले. लोकांनी पाठवलेल्या दाव्यांची छाननी करणं हे त्यांचं काम. कोण खरं आजारी, कोण खोटं, हे कागद बघून ओळखायचं. घरात राहिले बाबा आणि मी. आई त्याआधीच गेली होती. रविवारी दुपारी फोन यायचा, बाबा शेवटच्या शब्दाची सूचना वाचून दाखवायचे, पलीकडून उत्तर यायचं आणि ते मी छातीवर घ्यायचं. असं बराच काळ चाललं. मग लग्न झालं, जबाबदाऱ्या वाढल्या, फोन आखूड होत गेले. एकदा बाबा सूचना वाचायला लागले तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी गाडी चालवतोय. तुम्हीच टाका काहीतरी आणि संपवा."

बाबांनी फोन ठेवला. पेनाचं टोपण लावलं. शब्द मात्र भरला नाही.

त्यानंतर त्यांनी सूचना कधीच वाचून दाखवली नाही. फोनवर तब्येत, पाऊसपाणी, दुकान, एवढंच. पण रविवार आला की कोडं कापलं जायचं, सोडवलं जायचं, आणि एक शब्द राखला जायचा. अक्षरं आयती देऊन, नीट निवडून. सोडवलेलं कोडं माझ्याच चिमट्यात जुन्या कोड्यांवर चढायचं. वर्षानुवर्षांचा गठ्ठा साठला. माझा चिमटा उघडा तो उघडाच राहिला, पण मी एकही कागद खाली पडू दिला नाही.

मला तेव्हाही राग यायचा. मनात म्हणायचं, अहो बाबा, बोला की एकदा. पोरगं काही अंतर्ज्ञानी नाही. पण काही गोष्टी मागून घेतल्या की त्यांची किंमत जाते, असं त्यांचं काहीतरी असावं. या माणसाला दुसऱ्यांच्या दुखण्यावर गोळी देता यायची, स्वतःचं दुखणं सांगता यायचं नाही.

आता मूळ प्रकरणावर येतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी चिरंजीव आणि सूनबाई राहायला आले. चिरंजीव विजेचं बिल शोधत होते, ते सापडलं नाही, मी सापडलं. त्यांनी वरचं कोडं पाहिलं. एक शब्द राहिलेला. खालचं पाहिलं. एक राहिलेला. आणखी खालचं, आणखी खालचं. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मला वाटलं, आता आठवलं. आता हा उठेल आणि बापाच्या गळ्यात पडेल.

कसलं काय! चिरंजीवांनी सूनबाईला आत बोलावलं, दार लोटलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की बाबांचं डोकं आता साथ देत नाहीये. साधे साधे शब्द त्यांना आठवत नाहीत. हे बघ, 'उंच जागी चढायला लागते ती', दोन अक्षरी, पहिलं अक्षर 'शि' समोर लिहिलेलं आहे, आणि शिडी सुचू नये?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणजे मला तळपाय असते तर गेली असती. अरे, ते शब्द तुझ्यासाठी ठेवलेले! तुझ्यासाठी राखलेल्या जागेवरच तू पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवत बसलास! होय, चिठ्ठ्या चिकटवल्या. सगळी कोडी तारखेप्रमाणे लावली, प्रत्येक रिकाम्या शब्दावर पिवळी चिठ्ठी, आणि ऑफिसातल्यासारखं एक प्रकरण तयार केलं. आणि एवढी छाननी करणाऱ्या माणसाला एक साधी गोष्ट दिसू नये? ज्याला शब्द आठवत नाहीत त्याच्या कोड्यात वेडीवाकडी भोकं पडतात. इथे प्रत्येक कोड्यात नेमका एकच शब्द, तोही बाकीची अक्षरं पुरवून. पण सुतावरून स्वर्ग गाठायचा ठरवला की डोळे मिटावेच लागतात.

सूनबाई मनाने चांगली आहे. पण त्या दिवसापासून तीही बाबांशी मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. बाबा, ही, तुमची, भाजी. बाबांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, तुझा घसा बसलाय का ग, गोळी देऊ? ती कावरीबावरी झाली. चिरंजीवांनी ह्याचीसुद्धा नोंद घेतली.

मग डॉक्टर. पुरावा म्हणून मलाही पिशवीत घालून नेलं. डॉक्टरांनी बाबांना आजचा वार विचारला, महिने उलटे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. बाबांनी सगळं मुकाट्याने केलं. घड्याळात तर त्यांनी सेकंदकाटाही काढला. मग डॉक्टरांनी मला पुढे ओढलं आणि त्या शिडीवर बोट ठेवून विचारलं, काका, हा शब्द का राहिला?

बाबांनी चिरंजीवांकडे पाहिलं. मी आतल्या आत ओरडत होतं, बोला, आता तरी बोला. चिरंजीव खाली मान घालून पिशवीचा बंद गुंडाळत होते.

बाबा म्हणाले, "राहिला."

बाहेर आल्यावर चिरंजीवांना डॉक्टरांनी सांगितलं की तसं ठीक दिसतंय, पण औषधाचं दुकान आहे, शंका असेल तर जोखीम घेऊ नका. खोटं कशाला बोलू, त्या एका बाबतीत चिरंजीवांची काळजी रास्त होती. चुकून एखाद्याला भलतीच गोळी गेली तर काय, ह्या विचाराने त्यांना घाम फुटत होता, तो मी पाहिला. पण काळजी वाटली म्हणून माणसाला विचारायचं नाही? बापाला सोडून सगळ्या जगाला विचारलं.

त्याच संध्याकाळी दुकानाच्या किल्ल्या चिरंजीवांच्या खिशात गेल्या. पुढचं सगळं ठरलं. साठा कंपन्यांना परत करायचा, दुकान बंद, आणि बाबांनी सामान आवरून मुलाकडे राहायला जायचं. सूनबाईने त्यांची खोलीसुद्धा मनात लावून ठेवली होती, खिडकीपाशी पलंग वगैरे.

दुकान बंद झाल्यावर बाबा घरातच बसू लागले. सकाळी सवयीने इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग खिडकीत बसायचे. खाली शटरसमोर लोक येऊन थांबायचे, वर बघायचे. एक बाई चिठ्ठी हलवून विचारू लागली, काका, आज उघडणार का? बाबांनी तिला हाताने लांबच्या दुकानाची दिशा दाखवली आणि खिडकी लावून घेतली. ज्या हाताने आयुष्यभर सकाळ-संध्याकाळच्या खुणा केल्या तो हात मांडीवर नुसता पडलेला पाहून माझा जीव तुटला.

शेवटी सूनबाईच म्हणाली की बाबांना एक संधी द्यायला हवी होती. त्यावर चिरंजीवांनी तोडगा काढला. रविवारी आमच्यासमोर एक कोडं पुरतं सोडवून दाखवा. पुरतं म्हणजे पुरतं. तसं झालं तर किल्ल्या परत, मी दुकानाचं नाव काढणार नाही. बाबांनी मान हलवली.

रविवार आला. पेपरात पितृदिनाचं खास कोडं होतं. पानभर फुलांची नक्षी आणि मधोमध मोठ्या अक्षरात 'बाबांसाठी'. मला ती थट्टाच वाटली. सूचनाही तशाच गोडगोड. 'गर्दीत लेकराला बसवायची जागा', दोन अक्षरी. बाबांनी 'खांदा' लिहिलं. 'चालायला शिकताना धरायचं ते', 'बोट'. 'आईचा नसतो, बापाचा असतो', दोन अक्षरी, तर म्हणे 'धाक'. हे ज्याने लिहिलं त्याने आमच्या शेडमधल्या बायका पाहिलेल्या नसाव्यात. 'वारसा' झाला, 'पालक' झालं. बाबांचं पेन कुठे अडखळलं नाही. चिरंजीव समोर हाताची घडी घालून बसले होते, आणि त्यांच्या ओठांवर प्रत्येक उत्तर आधी येत नव्हतं, हेही मी पाहिलं.

शेवटी एक शब्द उरला. आडवा, चार अक्षरी. 'बापाच्या मनात असते, तोंडून क्वचित निघते.' दुसरं आणि चौथं अक्षर आलेलं होतं. बाबांना तो केव्हाच सुटला होता, त्यांच्या बोटांवरून मला कळलं. तरी ते थांबले. चिरंजीवांनी सूनबाईकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

बाबांनी मला हळूच उचललं आणि पेनासकट मुलापुढे धरलं. इतक्या वर्षांनी.

"नाही बाबा," चिरंजीव म्हणाले. "मी मदत करणार नाही. तुमचं तुम्हीच सोडवायचं."

मला त्या क्षणी चिमट्याने त्यांचं बोट धरता आलं असतं तर मी धरलं असतं. बाबांनी मला परत मांडीवर घेतलं. चष्मा सारखा केला. आणि एकेक अक्षर सुबक काढत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: शाबासकी.

सूनबाईने टाळ्या वाजवल्या. तिचे डोळे भरून आले होते. चिरंजीवांचा चेहरा खुलला, खरोखर खुलला, त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि शाळेतल्या पोराच्या पाठीवर थोपटावं तसं बापाच्या पाठीवर थोपटून म्हणाले, शाबास बाबा. इतका अपमान मी परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिला नव्हता.

बाबांनी किल्ल्यांकडे पाहिलं नाही. ते कोड्याकडेच बघत होते.

"शेवटचा तुझा," ते म्हणाले. "तो आज मीच भरला."

चिरंजीव आधी हसले. मग हसू तोंडावरच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि खाली बसले. मग उठून बॅगेतली आपली फाइल आणली, माझ्या चिमट्यातून काढलेल्या त्या पिवळ्या चिठ्ठ्यांच्या कोड्यांची. एक कोडं काढलं, चिठ्ठी उचकटली, चौकोनांवरून बोट फिरवलं. दुसरं काढलं. प्रत्येक चिठ्ठीखाली अक्षरं आयती देऊन ठेवलेला एक शब्द होता. सूनबाई विचारत होती, काय झालं, कसला शेवटचा?

"बाबा, हे सगळे..."

"मग काय गिऱ्हाइकांसाठी ठेवले होते?" बाबा म्हणाले. आवाज चढला होता. बाबांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. "एका शब्दाने विचारलंस का मला?"

चिरंजीवांनी बापाच्या हातातलं पेन घेतलं, तो सगळा गठ्ठा माझ्या चिमट्यात परत अडकवला आणि मला मांडीवर घेतलं. सगळ्यात वर शिडी होती. ती भरली. पुढचा शब्दही भरला. त्यापुढच्यावर मात्र गाडी अडली. त्यांनी डोकं खाजवलं, पेन चावलं, खिशातला फोन काढला. बाबांनी फोन काढून घेऊन उशीखाली ठेवला. दोन अक्षरं दिली आहेत की, असं म्हणाले. चिरंजीव म्हणाले, तरी नाही येत.

"बरं," बाबा म्हणाले. "उद्या डॉक्टरांची वेळ घेऊ तुझ्यासाठी."

सूनबाई फस्सकन हसली. चिरंजीव हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली, आणि माझ्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब पडले. भुशाचं पॅड मी, मला ओल सोसत नाही, फुगतं. पण त्या वेळी काही बोललं नाही.

त्याला आता आठवडे झाले. दुकान उघडलंय. दर रविवारी चिरंजीव गाडी काढून येतात आणि आल्या आल्या मला मागतात. नवं कोडं बाबा सोडवतात, जुन्यांतली दोन-चार चिरंजीव भरतात, आणि गठ्ठा काही संपत नाही. माझा चिमटा गंजलाय, कोपरे झिजलेत, पण पकड आहे. माझा राग पुरता गेलाय असं समजू नका. तुमच्याही घरात कोणीतरी काहीतरी अर्धवट ठेवलेलं असेल: एखादी ताटातली वाटी, एखादी खुर्ची, एखादी गोष्ट मध्येच सोडून दिलेली. त्याची छाननी करण्याआधी त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हे कोणासाठी. एवढंच माझं मागणं आहे.

आता मला थांबायला हवं. चिरंजीव एका तीन अक्षरी शब्दावर अडलेत, बाबा चष्मा पुसत मजा बघतायत, आणि मला हलायची परवानगी नाही.